हाकेची कसोटी

मला कमी ऐकू येतं, हे शाळेला माहीत आहे,
तरी दर ऑक्टोबरला परीक्षक म्हणून मलाच बोलावतात.
आमच्याकडे याला काफ क्लबचा दिवस म्हणतात.
त्या दिवशी शाळा असते, फक्त फळ्याला सुट्टी.
रग्बीच्या मैदानावर दोऱ्या ताणलेल्या,
वासरं, करडं, कोकरं, एक हट्टी बदक,
आणि तारानाकी डोंगर नेहमीसारखा
अर्धा ढगात, अर्धा हजर.

दाव्यानं चालवून दाखवायचं, हे सोपं.
निगा मी बोटांनी बघते:
लोकरीत खोल, कानामागे, खुरांच्या बेचक्यात.
आईनं काल रात्री घाईघाईत लावलेला शाम्पू
लगेच कळतो. सफरचंदाचा वास.
त्याचे गुण मी कापत नाही.

हाकेत मात्र लबाडी चालत नाही.
जनावर माझ्यापाशी, पोर त्या टोकाला,
मध्ये वीस पावलं गवत.
पोरानं हाक मारायची, मी दोरी सोडायची.
मला हाक दिसते. तोंड उघडतं,
गळ्याची शीर ताणते,
आणि मग मी जनावराचे कान बघते.

फर्गसनं अकरा हाका मारल्या.
त्याची कालवड चरत राहिली,
जणू तिला कुणीतरी दुसऱ्याच नावानं बोलावतंय.

मग तिआहो आली. वय आठ, गमबूट बहिणीचे की कुणाचे, दोन मापं मोठे.
कोकराचं नाव टायर.
ऑगस्टच्या गारठ्यात आई मेली, आणि हे
ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात थरथरत सापडलं.
दुसऱ्या मेंढीचा चीक पाजून जगवलेलं.
तिची वही मी सकाळीच वाचली होती:
किती दूध, किती वजन, हगवण लागली तो दिवस,
सगळं जांभळ्या स्केचपेननं, टपोरं.
फक्त रात्री दोनच्या नोंदी पेन्सिलनं,
बारीक, तिरप्या, एकाही रात्रीचा खाडा नाही.
मी म्हटलं, आईचं अक्षर असेल.

तिनं तोंड उघडलं. मी दोरी सोडली.
टायर उधळलं, सरळ तिच्याकडे,
पंधरा पावलं अगदी नियमाप्रमाणे,
आणि मग डावीकडे वळलं.
दोरीखालून, सॉसेज भाजणाऱ्या बाईच्या पायांतून,
थेट एका पोराच्या गुडघ्यावर ढुशी.
तेरा वर्षांचा असेल. टोपी डोळ्यांपर्यंत,
हात खिशात, आपण इथले नाहीच असा उभा.

ओळखलं मी त्याला. तामाती. तिचा भाऊ.
गेल्या वर्षी त्याचा गोऱ्हा पहिला आला होता.
मीच फीत बांधली होती त्याच्या गळ्यात.
नाताळाच्या आधी ट्रक आला.
गोठ्यात दूध न देणाऱ्याला किती दिवस ठेवणार?
त्यानंतर पोरानं क्लबचं नाव काढलं नाही,
असं त्याचा बाप मला खताच्या दुकानात म्हणाला होता.

टायर ढुशा मारत होतं, शेपूट वेड्यासारखं हलवत,
त्याच्या जीन्सच्या खिशात आचळ शोधत.
लोक हसले. पोराचे कान लाल.
मग त्यानं खिशातून एक हात काढला,
वाकला, आणि काहीतरी बोलला त्याला.
काय, ते मला ऐकू आलं नाही.
मी कानातलं यंत्र वाढवलंही नाही.

तिआहोला विचारलं, आता काय करायचं गं?
ती ओरडूनच बोलते, म्हणून हे ऐकलं:
"मी झोपलेली असते ना रात्री!"

नियम म्हणजे नियम. हाकेला शून्य.
निगेला पैकीच्या पैकी.
नावाच्या रकान्यात एकाच नावापुरती जागा,
म्हणून दुसरं मी समासात लिहिलं,
पेन्सिलनं, बारीक.

पुढचा नंबर करडाचा होता.
त्यानं कागदाचा तेवढाच कोपरा खाल्ला.
मी परत लिहिलं.